अमेरिकेचा इतिहास शिकवताना वर्ग कंटाळतो, काय करावं?

पाठ्यपुस्तक नंतर उघडा, आधी एकाच घटनेचे न जुळणारे दोन पुरावे मुलांच्या हातात द्या. ५ मार्च १७७० चं बॉस्टन हत्याकांड घ्या, ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली त्यात, बॉस्टनचा कारागीर पॉल रिव्हिअरच्या चित्रात त्या सैनिकांचा अधिकारी कॅप्टन प्रेस्टन तलवार उंचावून गोळीबाराचा हुकूम देतोय आणि प्रेस्टन स्वतः म्हणतो मी हुकूम दिलाच नाही, मग खरं काय ते मुलांनाच ठरवू द्या. मी आठवीला हेच करते, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हिरीरीने भांडतात! खटल्याचा निकाल शेवटी सांगायचा, प्रेस्टन सुटला, आठपैकी सहा सैनिकही सुटले, आणि त्यांचा वकील होता जॉन ॲडम्स, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. फक्त गुलामगिरी शिकवताना वर्गात नाटक नको, मुलं दुखावतात, तिथे गुलामगिरीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसचे स्वतःचे शब्द वाचायला द्या.