वाचकांचे प्रश्न: वादळ जोर धरतंय, किनाऱ्यावरच्यांनी काय करायचं?

समुद्रात वादळ तयार झालंय आणि किनाऱ्याकडे सरकतंय अशा बातम्या सुरू झाल्या की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात, सगळ्यांना एकच काळजी असते. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतलेत. एक आधीच सांगते, इथली माहिती समजून घ्यायला आहे, निघायचं की नाही हे मात्र तुमच्या भागातल्या प्रशासनाच्या सूचनेवरच ठरवा.

प्रश्न: कालपर्यंत साधं चक्रीवादळ म्हणत होते आणि आज सकाळी उठून बघतो तर एकदम 'अतितीव्र'. आधी कळत नाही का यांना?

कळतं, पण सगळं नाही. वादळ कुठल्या दिशेने जाणार हे आता दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येतं, पण ते किती जोर धरेल हे सांगणं अजूनही अवघडच आहे. समुद्राचं पाणी साधारण २६.५ डिग्रीच्या वर असलं, आणि नुसतं वरवर नाही तर पन्नासेक मीटर खोलपर्यंत गरम असलं, की वादळाला खाद्य मिळत राहतं. वाफ वर जाते, वर तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे हवा अजून वर उचलली जाते, खाली दाब अजून कमी होतो आणि मग आजूबाजूची दमट हवा अजून जोरात आत खेचली जाते, असं ते चालूच राहतं. वरच्या आणि खालच्या थरातल्या वाऱ्यांच्या वेगात किंवा दिशेत खूप फरक असेल तर वादळाची घडी विस्कटते, तो फरक कमी झाला की मग त्याला मोकळं रान.

२४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाढला तर त्याला रॅपिड इंटेन्सिफिकेशन म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्कोला धडकलेलं ओटिस आठवा, धडकण्याच्या २४ तास आधी ते साधं ट्रॉपिकल स्टॉर्म, म्हणजे कॅटेगरी १ च्याही खालचं वादळ होतं आणि मध्यरात्री किनाऱ्यावर आलं ते कॅटेगरी ५ होऊन, म्हणजे वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या अमेरिकी मापातली सगळ्यात वरची पायरी. लोकांच्या हातात तयारीला वेळच उरला नाही. म्हणून माझं म्हणणं असं की बुलेटिनमध्ये आत्ता जो प्रकार सांगतायत त्याच्या एक-दोन पायऱ्या वरचं वादळ येणार असं धरून तयारी करा. आणि हो, वारा दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट नाही, चौपट होतो, त्यामुळे 'थोडाच तर वाढलाय' असं म्हणू नका.

प्रश्न: आमचं घर पक्कं आहे, स्लॅबचं आहे. शंभर-सव्वाशेच्या वाऱ्याने काय होणार? मग घर का सोडायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. घर वाऱ्यात टिकेल हो, पण तुम्हाला घराबाहेर काढतायत ते वाऱ्यासाठी नाही, पाण्यासाठी. अमेरिकेतल्या १९६३ ते २०१२ या काळातल्या वादळबळींचा अभ्यास झालाय, त्यात थेट वादळाने गेलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक पाण्यामुळे गेले होते आणि त्यातही निम्मे स्टॉर्म सर्जमुळे.

स्टॉर्म सर्ज म्हणजे मोठी लाट नाही. लाट येते आणि परत जाते. इथे वारा तासन्‌तास समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलत असतो आणि समुद्राची पातळीच वर चढते, कधी दोन मीटर, कधी पाच-सहा, आणि त्या चढलेल्या पाण्यावर परत लाटा वेगळ्या. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असेल किंवा खाडी आत निमुळती होत गेलेली असेल तर पाणी अजून उंच चढतं, कारण त्याला पसरायला जागाच नसते. त्यात उधाणाची भरती आणि वादळ एकाच वेळी आलं तर दोन्हींची बेरीज होते.

हे पाणी घरात कसं येतं तेही समजून घ्या. बरेचदा आधी दारातून येतच नाही. बाथरूमच्या जाळीतून, संडासातून बुडबुडे यायला लागतात, कारण बाहेरची गटारं समुद्राच्या पाण्याने उलटी भरलेली असतात. मग उंबऱ्याखालून एक काळपट रेघ आत सरकते. तोपर्यंत बाहेरचा रस्ता बहुतेक पाण्याखाली गेलेला असतो आणि सहा इंच वाहतं पाणी चांगल्या धडधाकट माणसाचा पाय उचलतं, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टनाच्या आसपास भरतं, ते नुसतं साचत नाही, धडका मारतं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या टॅक्लोबानला हैयान धडकलं तेव्हा वाऱ्यापासून बचाव म्हणून लोक ज्या भक्कम इमारतींत जाऊन बसले होते त्यातल्या काहींच्या तळमजल्यावर पाणी घुसलं. इमारती उभ्या राहिल्या, आतले सगळे वाचले नाहीत. त्या वादळात सरकारी आकड्याप्रमाणे ६,३०० माणसं गेली. म्हणून विचारायचं ते हे की माझं घर समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे आणि पाणी किती चढणार असं सांगतायत. उत्तर तुमच्या बाजूने नसेल तर स्लॅबचा काही उपयोग नाही.

प्रश्न: बातमीत म्हणाले वादळाची शक्ती आता कमी झालीय. मग बांधलेलं सामान सोडायला हरकत नाही ना?

नका सोडू. वाऱ्याचा वेग कमी झाला म्हणजे ढकललेलं पाणी लगेच मागे जात नाही. २००५ चं कतरिना समुद्रात असताना कॅटेगरी ५ होतं, किनाऱ्याला लागताना कॅटेगरी ३ झालं होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी आठ मीटरच्या वर चढलं, कारण वादळ आकाराने प्रचंड होतं. कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाऊस किती पडणार, पाणी किती चढणार, वादळाचा पसारा केवढा आहे, यातलं काहीच त्यात नसतं. आणि हळू सरकणारं वादळ तर अजून वाईट, एकाच जागी तासन्‌तास पाऊस ओततं.

प्रश्न: नकाशावर तो जो शंकूसारखा पसरत जाणारा पट्टा, म्हणजे कोन दाखवतात त्याच्या बाहेर आमचा भाग आहे, म्हणजे आम्ही सेफ का?

नाही. तो कोन वादळाचा मध्य कुठून कुठे जाऊ शकेल एवढंच दाखवतो, वादळाचा आकार नाही. अमेरिकेतलं हरिकेन सेंटर जो कोन काढतं त्यात तर मध्य साधारण तीनातल्या दोन वेळाच आत राहतो, म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेर. वारा-पाऊस मध्यापासून शेकडो किलोमीटर लांबपर्यंत असतो. शिवाय दोन्ही बाजू सारख्या नसतात, उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या बाजूला वारा जास्त, कारण तिथे वादळाच्या फिरण्यात त्याचा पुढे सरकायचा वेगही मिसळतो.

प्रश्न: वादळ चालू असताना मधेच सगळं शांत होतं असं ऐकलंय. तेव्हा बाहेर जाऊन छप्पर बघितलं तर?

अजिबात नाही! तो वादळाचा डोळा, साधारण ३० ते ६० किलोमीटर रुंद असतो आणि तुमच्या डोक्यावरून जाताना वारा पडतो, कधी कधी तर निरभ्र आकाश दिसतं. लोकांना वाटतं संपलं, कोणी शिडी लावतं, कोणी गोठ्याकडे पळतं, कोणी शेजाऱ्याला हाक मारायला जातं. आणि डोळ्याभोवतीची जी भिंत असते तिथला वारा सगळ्यात भयंकर, तो परत येतो तेव्हा उलट्या दिशेने येतो. पहिल्या झोडपण्यात ढिला झालेला पत्रा आता दुसऱ्या बाजूने उचलला जातो आणि हवेतून कसाही फिरत येतो. अधिकृतपणे वादळ गेलं असं सांगेपर्यंत आतच थांबा.

प्रश्न: काचांना चिकटपट्टी लावावी का? आणि हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवायची असते ना?

दोन्ही नको. चिकटपट्टीने काच वाचत नाही, फुटलीच तर मोठे धारदार तुकडे उडतात. प्लायवूड किंवा शटर लावा. खिडकी उघडी ठेवली तर वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो.

प्रश्न: बाबा निघायला तयार नाहीत. म्हणतात मागच्या दोन्ही वेळेला उगाच हलवलं, काहीच झालं नाही. कसं समजवू?

त्यांचा राग खरा आहे. घर, जनावरं, आयुष्यभराचं सामान सोडून शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपायचं आणि सकाळी कळायचं की वादळ वळलं, याचा त्रास होतोच. पण त्यांना ओडिशाचं सांगून बघा. १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं, तेही जबरदस्तच होतं, पण तोपर्यंत तिथे निवारे बांधले होते, गावोगाव माणसं तयार केली होती, दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं आणि बळी शंभराच्या आत राहिले. त्या दहा लाखांतल्या कितीतरी जणांच्या घरांना काही झालं नसेल, त्यांनाही हे 'उगाच'च वाटलं असेल.

आणि वाद घालण्यापेक्षा त्यांची अडचण नेमकी कशात आहे ते विचारा. बरेचदा नकार असतो तो संडासाच्या सोयीमुळे, औषधांमुळे किंवा गाईमुळे. निवाऱ्यात संडासाची सोय कशी आहे हे आधी फोन करून बघा, औषधं आठवड्याची घ्या, जनावरं उंचावर नेऊन सोडा, निदान दावं तरी कापून ठेवा, खुंट्याला बांधलेलं जनावर जागच्या जागी बुडतं. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, फोटो काढून फोनमध्ये पण ठेवा. आणि उजेड असताना, रस्ता कोरडा असताना निघा, रात्री वारा सुरू झाल्यावर न्यायला येणारी गाडीसुद्धा अडकते.

प्रश्न: माझी होडी आहे. वादळात होडीजवळ कोणीतरी थांबायला नको का?

नको, कोणीच नको. होडी जमली तर खाडीत आत न्या किंवा वर ओढून घ्या, इंजिन आणि जाळी काढून उंचावर ठेवा. पाण्यातच ठेवावी लागली तर दोर डबल करा पण ताणून बांधू नका, पाणी तीन मीटर वर आलं तर आखूड दोर होडीला खाली खेचून बुडवतो, म्हणून ढील ठेवायची आणि दोर जिथे घासतो तिथे जुनं रबर किंवा कापड गुंडाळायचं. आणि समुद्रात गेलेल्यांना लवकर बोलवा. २०१७ च्या ओखीच्या वेळी ते वादळ एका दिवसात उभं राहिलं आणि कितीतरी मच्छीमार खोल समुद्रात आधीच गेलेले होते, त्यातले बरेच परत आले नाहीत.

प्रश्न: वादळ गेल्यावर लगेच घरी जाता येईल का?

प्रशासन सांगेपर्यंत नाही. पाणी ओसरल्यावरही खाली पडलेल्या तारांत वीज असू शकते, साचलेल्या पाण्यात पाय टाकण्याआधी मेन स्विच बंद आहे का हे कोरड्या जागेवरून बघा, पोचता येत नसेल तर वायरमनची वाट बघा. विहिरीत खारं किंवा घाण पाणी शिरलं असेल तर उपसून, क्लोरीन टाकून, तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका. आणि जनरेटर घरात, व्हरांड्यात, खिडकीखाली कुठेच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, आणि वादळातून वाचलेली माणसं यामुळे नंतर गेल्याची उदाहरणं खूप आहेत. घरापासून किमान सहा-सात मीटर लांब, उघड्यावर ठेवा, आणि धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला.