हिंदीवर काम भागत असताना कन्नड शिकून खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की मराठी, हिंदी, इंग्रजी येते, बदली हुबळीला झाली आहे, ऑफिसात हिंदी चालते, मग आणखी एका भाषेवर वेळ का घालवायचा. मी मूळची सांगलीची. बँकेच्या नोकरीत धारवाडला बदली झाली आणि पुढे बरीच वर्षं त्याच भागातल्या शाखांमध्ये काढली. त्या अनुभवावरून सांगते: जरूर शिका.

मेंदूचा फायदा आधी सांगते, कारण हल्ली सगळे तोच विचारतात. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉक्टर सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. मात्र दोनाच्या तीन भाषा झाल्या म्हणून त्यात आणखी भर पडलेली त्यांना आढळली नाही. तुम्हाला तीन येतातच. तेव्हा या कारणासाठी कन्नड शिकू नका.

खरा फायदा माणसांचा आहे. धारवाड, हुबळीत हिंदी कळते, जुन्या पिढीतल्या अनेकांना मराठीही छान येते. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता. त्यामुळे काम अडत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण काउंटरवर मी रोज पाहायचे, हिंदीत बोलणारा शेतकरी कामापुरतं बोलतो. कर्ज किती, हप्ता कधी, सही कुठे. तोच माणूस कन्नडमध्ये बोलायला लागला की विहिरीचं पाणी कधी आटलं, थोरल्या मुलाचं आणि त्याचं का पटत नाही, गेल्या वर्षी मिरची कुठल्या भावाने गेली, सगळं सांगतो. कर्जाचा निर्णय घेणाऱ्याला नेमकं हेच माहीत असावं लागतं. पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजी पूर्वी नातवाला सोबत आणायच्या. मला कन्नड येऊ लागल्यावर काही जणी एकट्या येऊ लागल्या, आणि आपल्या खात्यात किती पैसे आहेत हे नातवासमोर बोलायची त्यांना गरज उरली नाही. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी ही भाषा पुन्हा शिकले असते.

मराठी माणसाला कन्नड वाटते तेवढी अवघड नाही. घराणं वेगळं, कन्नड द्राविडी भाषा. पण हजार वर्षांच्या शेजारामुळे वाक्याचा साचा जवळजवळ आपलाच आहे. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाला जोडून. 'ननगे कन्नड बरुत्ते' म्हणजे शब्दाला शब्द 'मला कन्नड येते'. वर्णमाला क, ख, ग, घ याच क्रमाने, म्हणून लिपी पटकन बसते. आकडे तर आपल्यापेक्षा सोपे: मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, कन्नडमध्ये वीस आणि एक जोडून 'इप्पत्तोंदु', वीस आणि दोन जोडून 'इप्पत्तेरडु'. अवघड आहेत ते ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ. आपल्या कानाला तो फरक सुरुवातीला ऐकूच येत नाही.

शिवाय आपली मराठी नव्याने दिसते. माझी एक सहकारी माझ्याकडून मराठी शिकायची. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. तिने विचारलं, भिंत 'ती', दार 'ते' आणि उंबरठा 'तो' का? जन्मभर बोललेल्या भाषेकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं.

आणि धारवाडजवळ राहणार आहात तर द. रा. बेंद्रे वाचता यावेत, एवढी इच्छा तरी धरा. घरची भाषा मराठी असलेला हा माणूस कन्नडचा मोठा कवी झाला, १९४४ ते १९५६ सोलापूरच्या कॉलेजात कन्नड शिकवत होता, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची कविता धारवाडी बोलीत, मोठ्याने वाचायची. अनुवादात अर्थ येतो, ताल येत नाही.

शिकताना एक सांभाळा. बाजारातली बहुतेक पुस्तकं आणि ॲप्स बंगळुरू-म्हैसूरकडची कन्नड शिकवतात. 'या' म्हणायला तिकडे 'बन्नी' म्हणतात, आपल्या हुबळीत 'बर्री'. वडीलधाऱ्यांशी बोलताना हा 'री' लावायला विसरू नका, त्यावरच तुमची पारख होते. लिपीसाठी बसच्या पाट्या वाचत चला, बोलण्यासाठी भाजीबाजार गाठा. तुम्ही मराठी आहात हे कळलं की लोक आपुलकीने मराठीत बोलायला लागतील. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाका, 'कन्नडदाग माताडरी'. कन्नडमध्ये बोला, एवढंच.