इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांच्या बागेची विटांची भिंत सापासारखी नागमोडी का असते?

हौस म्हणून नाही, विटा वाचवायला. सरळ चार इंची भिंत उंच नेली की वाऱ्याने कलंडते, म्हणून ती नऊ इंची तरी करावी लागते किंवा मध्येमध्ये खांब द्यावे लागतात. नागमोडी भिंतीत वळणच खांबाचं काम करतं. कागदाची पट्टी सरळ उभी करून बघा, पडेल. घड्या घालून ठेवा, उभी राहील. लांबी वाढते खरी, पण जाडी निम्मी, त्यामुळे एकूण हिशेब फायद्याचाच.

अशा भिंती सर्वांत जास्त सफोक परगण्यात. हेवनिंगहॅम हॉल या हवेलीच्या बागेत आहे, ईस्टन गावची तर खूपच लांब. तिकडे त्यांना 'क्रिंकल क्रँकल' म्हणतात. डच लोकांकडून ही कल्पना आली असं सांगतात. डच भाषेतही तिला सापभिंतच म्हणतात.

१७८४ ते १८५० विटांवर कर होता, तोही नगावर. त्यामुळे लोक मोठ्या विटा पाडू लागले, मग सरकारने मोठ्या विटांवर जादा कर लावला! म्हणून निव्वळ विटेच्या आकारावरून भिंतीचं वय ठरवू नका.

दुसरा फायदा फळांचा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या खोबणीत ऊन साठतं, वारा लागत नाही. पीच तिथे पिकतात. जुन्या भिंतीजवळ गेलात तर विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांत बारीक भोकं दिसतील. फांद्या कापडाच्या चिंध्यांनी बांधून खिळे ठोकायचे, त्याच्या त्या खुणा.