‘माझ्यामुळे एखाद्या मुलाचं वर्ष गेलं तर?’

मी समुपदेशक. मे-जून आला की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे कुणी ना कुणी शिक्षक येतातच. घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही, अशा बारावीच्या मुलांचे दाखले, लॉगिन, तारखा या शिक्षकांनी आपणहून अंगावर घेतलेल्या असतात. पुढच्या बाई अशा अनेकांमधून उभ्या केल्या आहेत.

“ताई, रात्री दोनला उठून मुलांच्या कागदपत्रांची एक्सेल शीट उघडते. बासष्ट मुलं. काही राहिलंय का ते बघते.”

“राहिलं असेल तर शीटमध्ये कळतं?”

त्या गप्प. पुढच्या खेपेला लॅपटॉपच घेऊन आल्या. ‘व्हॅलिडिटी’च्या, म्हणजे जात पडताळणी प्रमाणपत्राच्या रकान्यात ‘आहे’ किंवा ‘नाही’, एवढंच. ‘नाही’ अकरा. एकेकाचं विचारत गेल्यावर निघालं ते असं: चौघांनी जात पडताळणीचा अर्जच केलेला नाही, तिघांच्या अर्जात त्रुटी निघालीय, दोघांना आजोबांचा शाळेचा दाखला सापडत नाही, आणि दोघांचं प्रमाणपत्र तयार आहे, पण ते अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर.

आहे-नाहीच्या जागी चार रकाने आले: काम कुठे अडलंय, पावती क्रमांक, पुढचं काम कुणाचं, कुठल्या तारखेपर्यंत. नॉन-क्रीमीलेअरला, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याला, तर ‘आहे’ लिहूच नये, मुदत लिहावी. ती ३१ मार्चला संपते, आणि मुदत संपलेल्या दाखल्यावर विसंबलेलं मूल ऐन प्रवेशफेरीत सेतू केंद्रासमोर रांगेत उभं राहतं.

मुलाची ओळख नावावरून ठेवू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. शिवाय स्पेलिंगची गंमत वेगळीच. प्रत्येकाला आपला एक क्रमांक द्या. आकडे भरण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरतं, त्यामुळे ‘सरल’ या शाळांच्या सरकारी नोंदणीतल्या १९ अंकी विद्यार्थी आयडीचे शेवटचे चार अंक न सांगता शून्य होतात. नंतर टेक्स्ट करून ते परत येत नाहीत. अर्जातला मोबाईल नंबर कुणाचा, हेही लिहा. कॅफेवाल्याचा असेल तर ओटीपीसाठी त्याच्या दारात बसावं लागतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. मुलाने दिलेलं पासबुक पुष्कळदा भलत्याच खात्याचं असतं.

आधारचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर मागवू नका. शीटमध्ये शेवटचे चार अंक पुरेत, पासवर्ड तर नकोतच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालचं मूल बालक आहे. माहिती कशासाठी ठेवताय हे सांगून आईवडिलांची संमती लिहून घ्या, आणि प्रवेश व शिष्यवृत्ती मार्गी लागली की माहिती काढून टाका.

हे सगळं बाईंनी दोन दिवसांत केलं. झोप मात्र आली नाही. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते, म्हणजे चिंतेमागचा हट्टी विचार शोधते; मला खरं बोट ठेवायचं होतं ते ‘पुढचं काम कुणाचं’ या रकान्यावर. अकराच्या अकरा ओळींत त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं!

“त्रुटीचं पत्र कुणाला आलंय?”

“मुलाच्या वडिलांना.”

“आजोबांच्या गावच्या शाळेत कोण जाणार?”

“काका.” मग हळूच, “मी कशी जाणार?”

त्या एकेक नाव खोडत गेल्या. मी मुद्दाम बोलले नाही. ‘कुणाचंच चुकता कामा नये’ या हट्टावर मी तासभर बोलले असते, तरी त्या खोडण्याइतका परिणाम झाला नसता. शेवटी त्यांच्या नावावर चार फोन उरले, ज्यांनी अर्जच केला नव्हता त्यांना करायचे. बाई कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. “एवढंच?” म्हणाल्या, आणि लगेच पुन्हा घाबरल्या.

“पण वडिलांनी केलंच नाही तर?”

“तर तारखेच्या दहा दिवस आधी तुम्ही विचारणार. तेवढं लिहा तुमच्या नावावर.”

त्यांनी तारीख टाकली.