बंदिस्त बाल्कनीचे पन्नास फूट आणि पुनर्विकासाची सही

प्रश्न: पार्ले पूर्वेला 1983 सालच्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वी नऊ लाख खर्चून बाल्कनी खोलीत घेतली, किचन-बाथरूम नवं केलं. आता सभेत 24 पैकी 16 सभासदांनी पुनर्विकासाला मत दिलं. बिल्डर 530 ऐवजी 480 चौरस फूटच धरतो. सही केली नाही तर?

उत्तर: तुमच्या सहीवाचून काम अडणार नाही. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे सभेला दोन तृतीयांश, म्हणजे 16 सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांच्या 51 टक्के, म्हणजे 13 मतं हवीत. इतिवृत्तात हे आकडे बसत असतील, तर घर खाली न करणाऱ्यांविरुद्ध बिल्डर लवाद कायद्याच्या कलम 9 खाली (तातडीचा अंतरिम आदेश मागायला) हायकोर्टात जातो आणि कोर्टाने नेमलेला अधिकारी, म्हणजे कोर्ट रिसीव्हर, ताबा घेतो. सभेच्या कामकाजातली बारीकसारीक चूक दाखवून स्थगिती सहसा मिळत नाही.

नऊ लाख सोडून द्या. टाइल्सचे पैसे कुणी देत नाही.

भांडायचं ते क्षेत्रफळावर. वाढीव 35 टक्के मिळणार असतील तर 480 वर 648 फूट होतात, 530 वर 715. म्हणजे एक लहान खोली. पण बाल्कनी नुसती आत घेतली म्हणून ती तुमची ठरत नाही. पालिकेकडून मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागवा आणि मूळ करारनाम्यातला आकडा पाहा. बंदिस्तीची परवानगी किंवा भरलेल्या शुल्काची पावती असेल तर तुमची बाजू भक्कम. नसेल तर 480 वरच बोलणी करा. बाजूच्या फ्लॅटची बाल्कनी धरली असेल, तर मात्र तोच नियम लेखी मागा.

नव्या घराचा आकडा ‘रेरा कार्पेट’मध्येच, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातल्या व्याख्येच्या चटई क्षेत्रातच लिहून घ्या. त्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. तिचं माप वेगळं लिहिलेलं हवं, नाहीतर तीच 35 टक्क्यांत खपवली जाते. शिवाय पार्ल्यात विमानतळामुळे उंचीवर मर्यादा असते. विमानतळ प्राधिकरणाचं उंचीचं प्रमाणपत्र न बघता दिलेली टक्केवारी नंतर खाली येते.

हरकत आजच सोसायटीला लेखी द्या, पोच घ्या. किल्ली मात्र कायमच्या पर्यायी घराचा, म्हणजे नव्या फ्लॅटचा करार नोंदणीकृत झाल्यावरच, भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश हातात घेऊन द्या.