नोंद ठेव, नाव खोड

पोरी,

करंजाच्या झाडावर दिसलेल्या पक्ष्याची 'तैगा माशीमार' म्हणून टाकलेली नोंद पुसून टाकू का, असं विचारलंयस. नको. नोंद राहू दे, त्यावरचं नाव तेवढं खोड.

पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवरच्या ज्येष्ठांनी 'फोटो नाही म्हणजे पाहिलाच नाहीस' असं सुनावलं, त्याचा मला तुझ्याहून जास्त राग आलाय. कॅमेरे नव्हते तेव्हा काय पक्षी येत नव्हते? पण म्हणून तुझी बाजू घेणार नाही. 'गळा लाल नव्हता, म्हणून तैगा माशीमार' हे तुझं कारण लंगडं आहे. आपल्याकडे दर हिवाळ्यात येणारा लाल छातीचा माशीमार घे. त्याच्या माद्यांचा आणि पहिल्याच हिवाळ्यातल्या नरांचा गळाही पांढुरकाच असतो. शेपटी झटक्यात वर करून मुळाशी दोन्ही बाजूंचा पांढरा रंग दाखवायची खोडही दोघांना सारखीच. पूर्वी तर दोघांना एकाच जातीत धरत.

फरक बघायचा तर खालची चोच बघ. लाल छातीच्याची बुडाशी फिकट असते, तैगाची सगळी काळी. मग पाठ संपून शेपटी सुरू होते तिथली पिसं बघ. तैगाची शेपटीहूनही काळीकुट्ट. आणि आवाज ऐक. दोघेही टर्रर्र करतात, पण लाल छातीच्याचे ठोके सुटे सुटे कळतात. तैगाचे इतके भरभर की किड्याची किरकिर वाटावी. यातलं तुझ्या निरोपात काय आहे? काही नाही. तैगा भारतात मुख्यतः पूर्वेकडे आणि ईशान्येला हिवाळा काढतो. तो पुण्यात येणारच नाही असं मी म्हणत नाही, पण आला म्हणणाऱ्याने नीट बघितलेलं असावं, एवढं तरी? पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ईबर्ड या संकेतस्थळावर 'तैगा किंवा लाल छातीचा' असं दोघांचं मिळून टाकायची सोय आहे. ती वापर. त्यात कमीपणा नाही.

आणि उद्या परत तिथेच जा. हे माशीमार हिवाळाभर आपली हद्द धरून राहतात. बहुतेक तो त्याच करंजावर भेटेल. तू मात्र हद्द धरत नाहीस, हे माझं खरं दुखणं. एका रविवारी कवडीपाट, पुढच्या रविवारी भिगवण, कुणीतरी लोकेशन टाकलं की गाडीत जागा मिळतेय का बघायचं. पट्टकादंब बघितलेस, रोहित बघितलेस, छान. पण तुमच्या सोसायटीमागच्या ओढ्यावर यंदा करडा धोबी पक्षी कधी उतरला? सांग की. तो सप्टेंबरातच येतो, पिवळं पोट, सारखी हलती शेपटी, उडताना 'चिट्-चिट्'. आमच्याकडचा दरवर्षी त्याच मोरीच्या काठावर दिसतो. तोच की दुसरा, ते पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं कडं असल्याशिवाय कुणी सांगू नये.

एक जागा धर. गल्ली असो, ओढा असो, शाळेचं मैदान असो, एकच जागा. तिथे नेहमीचं काय आहे ते पाठ झालं की नेहमीचं नसलेलं आपोआप टोचतं. मला मानमोडी नावाचा पक्षी दिसला तो असाच. मैदानावरच्या साळुंक्या मोजत होते. त्यांच्यातच एक तपकिरी काहीतरी, पण चालेना, उड्या मारत पुढे सरकायचं. दुर्बीण लावली तर अंगावर वाळक्या सालीची नक्षी, मानेपासून पाठीवर उतरलेला गडद पट्टा, आणि मुंग्यांच्या रांगेवर जिभेचे फटकारे. साळुंक्या कशा चालतात हे डोळ्यांत बसलेलं नसतं, तर मी त्याच्यावरून नजर पुढे नेली असती. दुर्मीळ पक्षी शोधायला जायचं नसतं गं. साधे पक्षी मोजत बसायचं.

लोक म्हणतात, काकू कच्छला गेल्या नाहीत, लडाखला गेल्या नाहीत, म्हणून एका जागेचं कौतुक सांगतात. नोकरी, घर, सासूबाईंचं अंथरूण, यातून सकाळचा पाऊण तास मिळायचा. त्यात ओढ्यापर्यंतच जाता यायचं. परिस्थितीने शिकवलं म्हणा हवं तर. पण बाहेरून फिरून येणारे तेच लोक आमच्या भागात धोबी कधी आले हे मलाच विचारतात, त्याचं काय? जाऊ दे. मुद्दा तोच: एक जागा.

कानांचं मात्र मनावर घे. झुडपांतले वटवटे, हे चिमुकले पक्षी, आवाजावरून ओळखायचे असतात. बोरू वटवट्याचं 'चक् चक्' मला अजून ऐकू येतं. हिरवट वटवट्याची बारीक शीळ गेली. तो समोरच्या उंबरावर बसतो, चोच उघडताना दिसते, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तुझ्या वयात कान तयार करायला कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. तुला मी सांगतेय, तर ऐक.

मोबाइलवर आवाज वाजवून त्या माशीमाराला झुडपातून बाहेर काढू नकोस. सगळ्या ग्रुपला झाड नेमकं कुठलं ते कळवू नकोस, नाहीतर रविवारी तिथे वीस ट्रायपॉड उभे राहतील. वॉचमनला आधीच सांगून ठेव. दुर्बीण खिडक्यांकडे वळली की लोक भांडायला येतात आणि आपल्याला 'पक्षी, पक्षी' म्हणत बसावं लागतं.

उद्या ऊन पाठीशी घेऊन उभी राहा, चोच खालून दिसेल अशी जागा बघ. जे दिसेल तेच लिही, पुस्तक घरी आल्यावर उघड. ग्रुपवर टाकायच्या आधी वहीचं पान मला पाठव. आणि कॅमेऱ्याच्या त्या हप्त्यावरच्या लेन्सचे पैसे भरले नसशील तर मार्चपर्यंत थांब. तोवर हे हिवाळी पाहुणे पक्षी परतायला लागतील, तुझी वहीही भरलेली असेल. मग लेन्स हवी वाटली तर खुशाल घे, मी अडवणार नाही.

तुझी,
काकू