धावणारे, रेंगाळणारे आणि कडी न उघडता येणारे

गेल्या अंकात झोंबींवर, म्हणजे सिनेमा-गेममधल्या उठून हिंडणाऱ्या मुडद्यांवर, दोनच ओळी लिहिल्या होत्या तर प्रश्नांचा ढीग आला. सगळे घेता येणार नाहीत, आणि जे घेतलेत त्यातही पहिल्यानेच निम्मं पान खाल्लंय. काही ठिकाणी गोष्ट फुटलीये, ज्यांनी ते सिनेमे बघितले नाहीत त्यांनी जपून.

प्रश्न (सांगली): दादा, मी आणि माझा मावसभाऊ महिनाभर भांडतोय. तो म्हणतो 'ट्वेंटी एट डेज लेटर' सिनेमातले लोक झोंबी नाहीतच. मी म्हणतो चावतात, रक्त ओकतात, अंगावर धावून येतात, अजून काय पाहिजे? बरोबर कोण?

उत्तर: नियमाने बघितलं तर मावसभाऊ. पण लगेच त्याला जाऊन सांगू नकोस, आधी पूर्ण वाच.

2002 च्या त्या सिनेमातले लोक मेलेलेच नाहीयेत रे. त्यांना रेज नावाच्या व्हायरसची लागण झालीये, म्हणजे श्वास चालू, हृदय चालू, फक्त डोकं गेलेलं. आणि जिवंत आहेत म्हणूनच त्यांना उपाशी मरता येतं. त्यातला लष्करी मेजर एका लागण झालेल्या सैनिकाला साखळीला बांधून ठेवतो ना, ते कशासाठी, तर हा न खाता किती दिवस टिकतो हे बघायला. खऱ्या मेलेल्या झोंबीवर हा प्रयोग करून काय मिळणार, तो दहा वर्षंही तसाच उभा राहील. आणि लागण किती फास्ट! कावळा वर प्रेताला टोचत असतो, रक्ताचा एक थेंब खाली पडतो, तो बरोबर बापाच्या डोळ्यात, आणि पोरीला 'लांब हो' म्हणेपर्यंत बाप संपलेला असतो. तो एक थेंब मला अख्ख्या सिनेमातल्या पळापळीपेक्षा जास्त भारी वाटतो.

आता तुझी बाजू. 'मेलेला पाहिजे, चावणारा पाहिजे' हा नियम केला कुणी? झोंबी मूळचा हैती या कॅरिबियन देशातला. तिथला झोंबी कुणाला चावत नाही, खात नाही. मांत्रिकाने मेलेल्याला उठवून कामाला जुंपायचं, एवढंच. हैतीत फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर गुलामांनी पिढ्यान्‌पिढ्या मरेस्तोवर काम केलं, तिथे मेल्यावरही सुटका नाही यापेक्षा वाईट काय असणार? 1932 च्या 'व्हाइट झोंबी'मध्ये साखर कारखान्याचा सीन आहे, एक जण तोल जाऊन उसाच्या यंत्रात पडतो आणि बाकीचे मान वर न करता दांडा फिरवतच राहतात. रक्त नाही, किंचाळी नाही, नुसता लाकडाचा करकर आवाज. त्यात भीती झोंबीची नाहीये, आपण झोंबी होऊ याची आहे.

मग 1968 मध्ये जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला आणि मांत्रिक गेला, मालक गेला, माणूस खाणारे मुडदे आले. गंमत म्हणजे त्यात झोंबी हा शब्दच कुणी उच्चारत नाही. त्यात चावलं नाही तरी मेलेला प्रत्येक जण उठतो, हे लोक हमखास विसरतात. शिवाय नाव बदलताना वितरकाकडून कॉपीराइटची ओळ गाळली गेली, त्यामुळे सिनेमा कुणीही दाखवा कुणीही छापा असा झाला, आणि रोमेरोचे मुडदे जगभर पसरायला ते चांगलंच कामी आलं.

म्हणजे रोमेरोने हैतीचा नियम मोडला तेव्हा चाललं, मग 2002 वाल्यांनी रोमेरोचा मोडला तर का चालू नये? मी स्वतः मेला की जिवंत हे बघतच नाही, दाराशी तो काय करतो ते बघतो. हैतीवाला मालकाने सांगितलं तरच दार उघडणार. रोमेरोचा मुडदा दारावर हात आपटत बसतो, पण 1968 चा पहिलाच मुडदा दगड उचलून गाडीची काच फोडतो, म्हणजे तेवढी अक्कल शिल्लक आहे. रेजवाले थेट खिडकीतून आत. आणि 2016 च्या 'ट्रेन टू बुसान'मधल्यांना तर डब्याचं सरकतं दारही सरकवता येत नाही. काचेवर पाणी मारून ओले पेपर चिकटवले की दिसायचं बंद, आणि दिसलं नाही की ते गप्प. त्यामुळे तिथे सगळा खेळ बोगदा कधी येतो आणि किती वेळ टिकतो यावर! दाराचं काय होतं ते कळलं की आतली माणसं काय करणार तेही कळतं. तेव्हा भाऊ नियमात जिंकला, तू वादात. मिटवा आता.

प्रश्न (डोंबिवली): 'रेसिडेंट ईव्हिल'चा 2002 वाला रिमेक खेळतेय. मारलेले झोंबी थोड्या वेळाने परत उठतात आणि चक्क पळतात. गेम बिघडलाय का?

उत्तर: नाही गं, गेम एकदम ठीक आहे, तू मुडदे जाळत नाहीयेस. त्यांना क्रिमझन हेड म्हणतात. डोकं उडालं नाही किंवा अंगावर रॉकेल ओतून लायटर लावला नाही, तर पडलेला झोंबी नंतर लाल होऊन, नखं वाढवून उठतो. आणि रॉकेल मोजकंच, म्हणून वारंवार लागणाऱ्या पॅसेजमधले जाळ, कोपऱ्यातले सोडून दे. मला ही आयडिया फार आवडते कारण मूळ 1996 च्या गेममध्ये आम्ही उलटंच शिकलो होतो, मारला की विषय संपला, आणि नाहीच मारता आला तर दार उघडून पळ. ते दार उघडतानाचं संथ ॲनिमेशन खरं म्हणजे सीडीवरून पुढची खोली लोड व्हायला लागणारा वेळ झाकायला होतं, पण आमच्या छातीत तेवढ्यात धडधड व्हायची. माझ्याकडे गेम सेव्ह करायचं मेमरी कार्ड नव्हतं, त्यामुळे रोज संध्याकाळी पहिल्यापासून, आणि रोज तोच पहिला झोंबी प्रेतावर वाकलेला, सावकाश मान वळवून माझ्याकडे बघणार. पंधरा दिवस दचकलो.

डोंबिवलीची आहेस म्हणून विचारतो, 2022 चा मराठी झोंबीपट 'झोंबिवली' बघितलास ना?

प्रश्न (नाशिक): 'द लास्ट ऑफ अस' गेममध्ये माणसांना झोंबी करणारी बुरशी खरी आहे म्हणतात. माणसाला होऊ शकते?

उत्तर: बुरशी खरी आहे, मुंग्यांसाठी. ती मुंगीला झाडावर चढवते, पानाच्या शिरेला घट्ट चावायला लावते, मग मुंगी मरते आणि डोक्यामागून देठ फुटतो. 2017 च्या एका अभ्यासात दिसलं की बुरशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं विणते पण मेंदूत शिरतच नाही. म्हणजे बिचारीचं डोकं शाबूत आणि पाय दुसऱ्याचे, हे त्या गेमपेक्षा भयंकर आहे बघ. माणसाचं अंग बहुतेक बुरशींना फार गरम पडतं, आणि ही तर ठरावीक जातीच्या मुंग्यांवरच जगणारी, तेव्हा निवांत झोप. हिमालयातून येणारी महागडी कीडाजडी याच कुळातली, ती अळ्यांवर वाढते आणि लोक ती पैसे मोजून खातात!

गेममध्ये क्लिकर नावाचा झोंबी भारी. चेहऱ्यातूनच बुरशी फुटल्यामुळे आंधळा, टकटक आवाज काढून अंदाज घेणारा. म्हणून गोळी कमी, बाटली जास्त, लांब फेकायची आणि दुसऱ्या बाजूने पाय दाबत निघायचं.

प्रश्न (पुणे): झोंबी मेंदूच का खातात?

उत्तर: सगळे नाही खात. ते खूळ 1985 च्या 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' सिनेमातून आलं. त्यातले झोंबी बोलतात आणि डोक्यात कुदळ घालूनही मरत नाहीत. एक अर्धवट बाई टेबलावर बांधलेली असते, ती शांतपणे सांगते की मेल्याच्या वेदना होतात आणि मेंदू खाल्ला की त्या थांबतात. कॉमेडी म्हणून बघायला बसलो होतो, तिथे हसू गेलं.

प्रश्न (सावंतवाडी): आपला वेताळ म्हणजे झोंबीच का?

उत्तर: गोष्टीतला वेताळ प्रेतात शिरतो खरा, पण तो हुशार, कोडी घालतो, राजाला बोलतं करतो आणि परत झाडावर जाऊन लटकतो. झोंबीत आत कुणी नसतं, वेताळात नको इतकं असतं. आणि तुमच्याकडचा वेतोबा तर राखणदार, रात्री गावाच्या शिवेवर फिरतो, फिरून चपला झिजतात म्हणून आरवलीला लोक त्याला नवीन चामड्याचे जोड वाहतात. हे तुम्हाला मी सांगायला नको, त्या चपलांचा साइज तुम्ही बघितलाच असेल.